एल्विसची बीएमडब्ल्यू ५०७ : गाडी एक, मालक अनेक, मग पुनरुद्धार नेमका कोणत्या गाडीचा?

जुनी चाके (धागालेखक)

अभिजात स्पोर्ट्स गाड्यांच्या पुनरुद्धाराविषयी लिहिताना आपण बहुधा रंग, कातडे, क्रोम आणि इंजिनाचा आवाज यांतच रमतो. मालकीच्या इतिहासाचा उल्लेख होतो तो लिलावातील किंमत समजून घेण्यापुरता. माझ्या मते पुनरुद्धाराचा आराखडा खरे तर या इतिहासातूनच तयार होतो. गाडीचे चार मालक झाले असतील आणि प्रत्येकाने तिच्यात काही ना काही बदल केला असेल, तर ती 'पूर्ववत' करायची म्हणजे यांपैकी कोणाच्या वेळची करायची, हे हातात पाना घेण्याआधीच ठरवावे लागते. या प्रश्नासाठी बीएमडब्ल्यू ५०७ मधील चासी (सांगाडा) क्रमांक ७००७९ च्या गाडीइतके बोलके उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

आधी ५०७ विषयी थोडेसे. अमेरिकेतील आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहातून ही दोन आसनी उघडी गाडी जन्माला आली. तिचे रूप आल्ब्रेख्त ग्राफ फॉन गोएर्त्स यांनी रेखाटले आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात ती प्रथम लोकांसमोर आली. ३,१६८ घनसेंटिमीटरचे मिश्रधातूचे व्ही-८ इंजिन, १५० अश्वशक्ती आणि हाताने ठोकून घडवलेले अॅल्युमिनियमचे अंग, असा तिचा थाट होता. हॉफमन यांना ती ५,००० डॉलरच्या आसपास विकायची होती. प्रत्यक्षात तिची किंमत त्याच्या जवळजवळ दुपटीवर गेली आणि १९५९ पर्यंत जेमतेम अडीचशे गाड्या बनल्या. कंपनीला तिने कीर्ती दिली आणि खड्ड्यातही घातले.

आता ७००७९. ही गाडी १९५७ ची, पिसासारख्या पांढऱ्या रंगाची. सुरुवातीला ती प्रात्यक्षिकांसाठी आणि शर्यतींसाठी हान्स श्टुक यांच्या हाती होती. श्टुक म्हणजे युद्धापूर्वी ऑटो युनियनच्या गाड्या पळवणारे, घाटशर्यतींचे राजे म्हणून ओळखले जाणारे चालक. पन्नाशी ओलांडल्यावरही त्यांनी ५०७ घेऊन घाट मारले. त्यानंतर डिसेंबर १९५८ मध्ये ती फ्रँकफर्टमधून एल्विस प्रेस्लीकडे गेली. एल्विस तेव्हा अमेरिकी सैन्यात होता, फ्रीडबर्गच्या तळावर त्याची नेमणूक होती आणि तो बाड नाउहाइम येथे राहत होता. चाहत्या मुली पांढऱ्या रंगावर लिपस्टिकने निरोप लिहून जाऊ लागल्या, म्हणून त्याने गाडी तांबडी करून घेतली, असे सांगतात.

मार्च १९६० मध्ये एल्विस मायदेशी परतला. गाडीही अमेरिकेत आली, पण ती त्याच्याजवळ राहिली नाही. १९६२ मध्ये अॅलाबामातील बर्मिंगहॅमचे रेडिओ निवेदक टॉमी चार्ल्स यांनी ती घेतली आणि शर्यतीसाठी तिच्यात शेव्हरोलेचे व्ही-८ इंजिन बसवले. त्यासाठी पुढचा सांगाडाही कापला. (१९६६ मध्ये बीटल्सच्या तबकड्यांवर बहिष्काराची हाक देऊन गाजलेले टॉमी चार्ल्स ते हेच. एका गायकाच्या गाडीचे इंजिन काढणारा माणूस पुढे दुसऱ्या गायकांच्या मागे लागला, हा योगायोग मला मजेदार वाटतो.) पुढे १९६८ मध्ये अंतराळ अभियंता जॅक कॅस्टर यांनी ती विकत घेतली. काही काळ त्यांनी ती चालवली आणि मग सवडीने दुरुस्त करू म्हणून कॅलिफोर्नियात भोपळे साठवण्याच्या एका कोठारात ठेवून दिली. एका मासिकातील लेखाच्या निमित्ताने त्यांचा तिथल्या पत्रकार महिलेशी संपर्क झाला, क्रमांक ताडून पाहिला गेला, आणि एल्विसची हरवली म्हणून गणली गेलेली ५०७ ती हीच हे निश्चित झाले.

त्या वेळी गाडीत मूळ इंजिन नव्हते, मूळ गिअरबॉक्स नव्हता, फ्लोअरचा पत्रा गंजला होता, आसने झिजून गेली होती. २०१४ मध्ये ती म्युनिकच्या बीएमडब्ल्यू संग्रहालयात आहे त्याच अवस्थेत मांडली गेली. त्यानंतर बीएमडब्ल्यू क्लासिक विभागाने सुमारे दोन वर्षे तिच्यावर काम केले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ती कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे अभिजात गाड्यांच्या प्रदर्शनात उभी राहिली : पांढरीशुभ्र, नव्याने जुळवलेल्या ३.२ लिटर व्ही-८ इंजिनासह. कॅस्टर नोव्हेंबर २०१४ मध्येच निवर्तले होते. तयार झालेली गाडी त्यांना पाहता आली नाही.

माझा आक्षेप कारागिरीवर नाही, ती निर्दोषच आहे. माझा प्रश्न एवढाच की श्टुक, एल्विस, चार्ल्स, कॅस्टर यांच्या काळांपैकी नेमका १९५८ चा डिसेंबर, म्हणजे गाडी एल्विसकडे गेली तो क्षण, कोणी आणि कोणत्या अधिकाराने निवडला? एल्विसने स्वतःच्या पसंतीने करवून घेतलेला तांबडा रंगसुद्धा या निवडीत टिकला नाही. जाणकारांनी मते मांडावीत.

---

पत्राकाम

मालकीच्या प्रश्नावर नंतर बोलेन. आधी कारागिरीविषयी, कारण 'निर्दोष' म्हणून धागालेखकांनी तो विषय दोन शब्दांत उरकला आहे आणि माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तिथेच आहे.

५०७ चे अंग अॅल्युमिनियमचे आणि खालचा सांगाडा व फ्लोअर पोलादाचे. हे दोन धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओलावा शिरला की दोघांत विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि तीत अॅल्युमिनियम झिजते. पांढरी भुकटी धरते, पत्रा कडेने कागदासारखा होतो. वरून रंग शाबूत दिसतो आणि बोट लावले की पापुद्रा निघतो. म्हणून अशा गाडीत 'गंज कुठे आहे' हे पाहताना पोलादाचा तांबूस गंज शोधून भागत नाही. जिथे जिथे दोन धातू भेटतात ती प्रत्येक जागा उघडावी लागते.

या गाडीवर काम करताना अॅल्युमिनियमचे अंग पोलादी तळापासून संपूर्ण वेगळे केले गेले आणि मगच जुने रंग उतरवण्यासाठी ते आम्लाच्या व त्यानंतर अल्कलीच्या हौदात बुडवले गेले. हा क्रम वाचताना साधा वाटतो. पोलादी अंगाच्या बाबतीत काही कारखाने रंग उतरवण्यासाठी सरळ दाहक सोड्याचा हौद वापरतात. अॅल्युमिनियम त्यात जास्त वेळ राहिले तर रंगाबरोबर धातूही विरघळतो. त्यामुळे द्रावण कोणते, तीव्रता किती आणि अंग आत किती वेळ, या तिन्ही गोष्टींवर नजर ठेवावी लागते. दुमडलेल्या कडांच्या घडीत द्रावण अडकून राहिले तर काम संपल्यावर काही महिन्यांनी नव्या रंगाखालून फोड येतात. चांगला कारागीर धुण्याला उतरवण्याइतकाच वेळ देतो.

आणखी एक गोष्ट. ५०७ ची अंगे हाताने ठोकलेली असल्यामुळे कोणत्याही दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत. एकीचे हार्डटॉप, म्हणजे काढता येणारे कडक छप्पर, दुसरीवर नीट बसत नाही. याचा अर्थ असा की ७००७९ चा एखादा पत्रा टाकून देऊन दुसऱ्या ५०७ चा आणून लावणे हा सोपा मार्ग इथे उपलब्धच नव्हता. आहे तोच पत्रा सरळ करायचा, आहे त्याच पत्र्याला जोड द्यायचा. मला विचाराल तर या गाडीचे 'मूळपण' इंजिनापेक्षा तिच्या या ठोकलेल्या पत्र्यात जास्त आहे, कारण इंजिने एकाच साच्यातून निघाली होती आणि पत्रा एकेकाच्या हातातून.

---

मूळप्रत

पत्राकाम यांचे शेवटचे वाक्य सुंदर आहे, पण बाजार त्याप्रमाणे चालत नाही. चासी, इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतात का, हे अभिजात गाडीच्या बाबतीत सर्वप्रथम विचारले जाते. ७००७९ चे मूळ इंजिन साठच्या दशकातच गेले. आज तिच्यात आहे ते सुट्या भागांतून जुळवलेले इंजिन आहे. आसनांचे कातडे नवे, काचा वरखाली करण्याच्या मुठी नव्या. मग जुने राहिले काय? अंग, सांगाड्याचा काही भाग आणि एक क्रमांक. अशा गाडीला 'एल्विसची गाडी' म्हणणे मला तरी जड जाते. तिला एल्विसच्या गाडीची उत्तम आवृत्ती म्हणावे.

---

कागदपत्रे

मूळप्रत यांना उत्तर देताना मी बेंटलीच्या एका गाजलेल्या खटल्याचा आधार घेईन, कारण हा प्रश्न इंग्लंडमध्ये न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. शर्यतीची गाडी असल्यामुळे तिचे भाग पुढे सतत बदलत गेले. तिच्यात मोठे, आठ लिटरचे इंजिन आले. १९३२ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलंड्स या शर्यतमार्गावरील अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला, त्यानंतर तिच्यावर बंद छपराचे अंग चढले. १९९० मध्ये ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला आणि खरेदीदार कंपनीने ऐन वेळी माघार घेतली. तिचा बचाव थोडक्यात मूळप्रत यांचाच होता : विजयी गाडीतले आता उरले आहे काय? न्यायमूर्ती ऑटन यांनी हे मान्य केले की १९२९ च्या गाडीचे फारच थोडे शिल्लक आहे आणि कारखान्यातून निघाली तशी ती मुळीच नाही. तरीही त्यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. गाडी एका झटक्यात नाहीशी होऊन दुसरी आली असे कधीच घडले नव्हते. ती टप्प्याटप्प्याने बदलत गेली, प्रत्येक टप्प्यावर ती तीच गाडी म्हणून ओळखली जात होती, आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी कोणतीही गाडी जगात नव्हती.

या तीन कसोट्या ७००७९ ला लावून पाहा. खंड नाही : श्टुक ते कॅस्टर हा हस्तांतराचा माग जुळतो. ओळख पुसलेली नाही : क्रमांक अंगावर आहे. प्रतिस्पर्धी गाडी नाही. हा तिसरा मुद्दा या गाडीच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. एल्विसची छायाचित्रे पांढऱ्या ५०७ बरोबरही आहेत आणि तांबड्या ५०७ बरोबरही, त्यामुळे त्याच्याकडे दोन गाड्या होत्या असा समज पसरणे सोपे होते. शिवाय अभिनेत्री अर्सुला अँड्रेस यांच्याकडे असलेल्या वेगळ्याच एका ५०७ लाही एल्विसचे नाव चिकटले होते. प्रसिद्ध माणसाचे नाव लागले की गाडीची किंमत चढते, म्हणून अशा कथा गाड्यांना चिकटतात आणि सहसा निघत नाहीत. त्या निघतात फक्त क्रमांकाने.

अशा शोधात खरे काम कसे चालते हे थोडक्यात सांगतो. प्रथम कारखान्याची डिलिव्हरी नोंद पाहतात : क्रमांक, रंग, तारीख, कोणत्या विक्रेत्याकडे रवाना. मग नोंदणीचे कागद आणि विक्रीपावत्या. मग छायाचित्रे, आणि ती नुसती चेहऱ्यासाठी नव्हे. नंबरपाटी, चाकांचा प्रकार, आरशाची जागा, बंपरवरचा ठोका, हे सगळे ताडून पाहतात. शेवटी गाडीच साक्ष देते. रंगाचा थर हळूहळू घासत नेला की आधीचे रंग वर्तुळावर्तुळांनी दिसू लागतात आणि डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या बिजागरीखाली, जिथे फवारा नीट पोहोचत नाही तिथे, पहिला रंग टिकून असतो. कागद आणि गाडी यांची साक्ष जुळली की मगच नाव लावायचे. कॅस्टर यांनी ही गाडी ४६ वर्षे मोडून सुटे भाग म्हणून विकली नाही, म्हणून ती साक्ष शिल्लक राहिली.

---

व्ही-आठ

टॉमी चार्ल्स यांच्याविषयी धाग्यात थोडा रोष जाणवतो, म्हणून त्यांची बाजू मांडतो. १९६२ मध्ये ही गाडी पाच वर्षे जुनी, महाग, सुटे भाग न मिळणारी आणि उत्पादन बंद झालेली एक परदेशी गाडी होती. बीएमडब्ल्यूचे ते इंजिन फार देखणे, ब्लॉक आणि हेड दोन्ही मिश्रधातूचे, वजनाला हलके. पण अडीचशे गाड्यांसाठी अमेरिकेत भाग कोण ठेवणार? उलट १९५५ मध्ये आलेले शेव्हरोलेचे छोटे व्ही-८ अमेरिकेत गल्लोगल्ली मिळत होते, स्वस्त होते आणि वाटेल तितकी ताकद त्यातून काढता येत होती. शर्यतीच्या हौशी चालकाने दुसरे काय करायचे होते? त्या काळात कितीतरी युरोपीय गाड्यांच्या वाट्याला हेच आले. गाडी चालती राहिली म्हणून ती भंगारात गेली नाही, हेही लक्षात घ्यावे.

तुलनेसाठी ब्रिटिश शर्यतपटू जॉन सर्टीझ यांच्या ५०७ कडे पाहा. १९५६ चे ५०० सीसी मोटरसायकल विश्वविजेतेपद मिळवल्याबद्दल त्यांच्या मोटरसायकल संघाचे मालक काउंट आगुस्ता यांनी त्यांना ती भेट दिली. सर्टीझ यांनी २०१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती स्वतःकडेच ठेवली, म्हणजे साठ वर्षांत एकच मालक. पण त्यांनीही ती 'जशीच्या तशी' ठेवली नव्हती. पुढच्या चाकांना ड्रम ब्रेकऐवजी डनलॉपचे डिस्क ब्रेक त्यांनी लावून घेतले. २०१८ मध्ये लिलावात तिला ३८ लाख पौंडांहून अधिक किंमत आली, आणि ते डिस्क ब्रेक काढून मूळचे ड्रम बसवा असे कोणी म्हटले नाही. मालक एकच आणि नामवंत असला की त्याने केलेला बदल इतिहास ठरतो. मालक चार असले आणि बदल करणारा तिसरा असला की तोच बदल 'नासधूस' ठरतो. हा दुजाभाव मला पटत नाही.

---

जुनी चाके (धागालेखक)

व्ही-आठ यांनी माझ्या मनातले नेमके मांडले. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२ मध्ये तुरिन सनद स्वीकारली. तिचा आशय असा की गाडी कारखान्यातून निघाली त्याच अवस्थेला नेलीच पाहिजे असे नाही. तिच्या आयुष्यात झालेले आणि तिच्या इतिहासाचा भाग बनलेले बदल जपण्याजोगे असू शकतात. जितका हस्तक्षेप कमी तितके चांगले. नवे बसवलेले भाग पुढे ओळखता यावेत. आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद राहावी. या कसोटीवर शेव्हरोलेचे इंजिन आणि कापलेला सांगाडा हे जपण्याजोगे बदल ठरू शकतात की नाही, यावर वाद होऊ शकतो, आणि तो व्हायला हवा.

कागदपत्रे यांनी सांगितलेला बेंटलीचा निकाल मला मान्य आहे, पण त्यातून माझाच मुद्दा बळकट होतो असे मला वाटते. त्या निकालात गाडीची ओळख टिकली ती सलगतेमुळे, म्हणजे प्रत्येक टप्पा मोजला गेल्यामुळे. ७००७९ च्या बाबतीत मधले टप्पे मागे फिरवले गेले. सलगतेच्या जोरावर ती एल्विसची गाडी ठरते आणि तसे ठरल्यावर ती सलगताच पुसली जाते, यात मला विसंगती दिसते.

---

संग्रहक

पुनरुद्धारच केला नसता तर? १९३६ च्या सुमारास मॅज्योरे सरोवरात बुडवलेली आणि जुलै २००९ मध्ये वर काढलेली बुगाटी ब्रेशिया पाहा. २०१० च्या लिलावात ती २,६०,५०० युरोंना गेली आणि कॅलिफोर्नियातील 'मलिन' (Mullin) नावाच्या मोटार संग्रहालयाने ती गंजलेल्या अवस्थेतच मांडली. एक बाजू जवळजवळ विरघळून गेलेली आहे, तरी लोक तिथे तिच्यासमोर तासन्तास उभे राहत.

---

पत्राकाम

बुगाटीचे उदाहरण इथे लागू पडत नाही. त्या गाडीची गोष्टच सरोवराची आहे. तिला चकाचक केले तर गोष्ट संपली. ५०७ कोठारात पडून होती, ही तिच्या इतिहासातली सर्वांत कमी रंजक गोष्ट. शिवाय कॅस्टर यांना ती दुरुस्त करूनच हवी होती. ते स्वतः वर्षानुवर्षे भाग जमवत होते. त्यांनी गाडी म्युनिकला पाठवली ती, शक्य तितके जुने राखून आणि नवे करावे लागेल ते मूळ पद्धतीशी इमान राखून, ती पूर्ववत व्हावी या अटीवर. धागालेखकांनी विचारले होते की निवड कोणत्या अधिकाराने झाली. हयात मालकाच्या अधिकाराने झाली. मालकीच्या इतिहासाचा मान राखायचा तर शेवटच्या मालकाची इच्छा त्या इतिहासाबाहेर कशी ठेवता येईल?

मुठींबद्दलही सांगतो, कारण वर त्यांचा उल्लेख जरा उपहासाने झाला आहे. काचेच्या मुठी आणि दारांचे हँडल त्रिमितीय छपाईने पुन्हा घडवले गेले. इतक्या कमी संख्येने बनलेल्या गाडीचा ओतीव भाग हरवला की पूर्वी दोनच वाटा होत्या : दुसऱ्या गाडीवरचा भाग मिळवायचा, किंवा लाकडाचा नमुना कोरून नव्याने ओतून घ्यायचा. पहिल्या वाटेत एक गाडी सजते आणि दुसरी उघडी पडते. आता टिकून असलेला एखादा नमुना मोजून घेतला की हजारांश मिलिमीटर नव्हे तरी डोळ्याला आणि हाताला फरक न कळेल इतका अचूक भाग तयार होतो, आणि कोणत्याही दुसऱ्या ५०७ ला हात लावावा लागत नाही. आसनांचे कातडेही जुन्या छायाचित्रांवरून शिवले गेले. शिवणीच्या दोन ओळींतले अंतर छायाचित्रावरून मोजायचे म्हणजे काय, हे ज्याने आसन उसवून पुन्हा भरले आहे त्यालाच कळेल.

---

मूळप्रत

सुटे भाग जुळवून बनवलेल्या इंजिनाबद्दल माझी हरकत कायम आहे. पण शेव्हरोलेचे इंजिन ठेवायला हवे होते असे जे सुचवले जात आहे, ते त्याहून विचित्र आहे. गाडी म्युनिकला गेली तेव्हा ते इंजिनही तिच्यात नव्हते, मग जपायचे काय होते? चार्ल्स यांचा टप्पा उभा करायचा तर तोही नवे इंजिन आणूनच उभा करावा लागला असता. नव्याने आणायचेच असेल तर बीएमडब्ल्यूचे का नको?

---

कागदपत्रे

मूळप्रत यांचा हा मुद्दा निर्विवाद आहे. सनदेत जपण्याविषयी सांगितले आहे ते हयात असलेल्या गोष्टींबद्दल. नाहीशा झालेल्या दोन गोष्टींपैकी एक परत आणायची असेल तर गाडीच्या नोंदीशी जुळणारी आणणे हाच कमीत कमी वादग्रस्त मार्ग.

पांढऱ्या रंगाबद्दल मात्र मी धागालेखकांच्या बाजूने झुकतो. १९५८ ची आणि त्यानंतरची एल्विसची गाडी पांढरीही होती आणि तांबडीही. पांढरा निवडला की कारखान्याची नोंद, श्टुक यांची गाडी आणि एल्विसला सुपूर्द झालेली गाडी, हे तिन्ही एका रंगात बसतात. हा व्यावहारिक शहाणपणा झाला. पण चाहत्यांमुळे मालकाने बदलून घेतलेला रंग ही या गाडीच्या बाबतीत, इतर कोणत्याही ५०७ च्या बाबतीत खरी नसलेली, एकमेव रंगकथा होती, आणि ती आता फक्त पाटीवर वाचायला मिळते.

---

जुनी चाके (धागालेखक)

अधिकाराविषयी पत्राकाम यांनी आणि इंजिनाविषयी मूळप्रत यांनी जे लिहिले, त्यानंतर माझे दोन आक्षेप गळून पडतात. कॅस्टर यांची इच्छा कमी लेखली जाऊ नये असेच मी म्हणेन. अर्धशतकाच्या जवळ गाडी सांभाळणाऱ्याला ती कशी दिसावी हे ठरवण्याचा हक्क नसेल तर तो कोणालाच नाही.

उरतो तो पुढचा सांगाडा. शेव्हरोलेचे इंजिन गेले असले तरी त्यासाठी केलेला काप २०१४ पर्यंत गाडीवर होता. चार्ल्स यांच्या कारकिर्दीची ती एकच खूण धातूत शिल्लक होती. गाडी रस्त्यावर सुरक्षित चालायची तर तो भाग दुरुस्त करणे भाग होते, हे मला कळते. अशा वेळी कापून काढलेला तुकडा क्रमांक घालून गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावा आणि जिथे गाडी मांडली जाईल तिथे तिच्याशेजारी मांडावा, असा दंडक सर्वच मोठ्या पुनरुद्धारांना लावावा असे मला वाटते. याला जागा लागते आणि थोडे नियोजन लागते, फार पैसा लागत नाही. पत्राकाम, तुमच्या कामात काढलेल्या जुन्या पत्र्याचे तुम्ही काय करता, हे वाचायला आवडेल.

---

पत्राकाम

पूर्वी भंगारात जात असे. आता प्रत्येक तुकड्यावर गाडीचा क्रमांक आणि डावी-उजवी बाजू कोरतो, फोटो काढतो आणि काम संपल्यावर पेटीत भरून मालकाच्या स्वाधीन करतो. बरेच मालक ती पेटी घेताना नाराज दिसतात. त्यांना नवी गाडी हवी असते, जुना गंज नको असतो. तरी देतोच, आणि पोच घेतो. गाडी पुढे विकली गेली की नव्या मालकाकडून पहिली विचारणा बहुधा त्या पेटीचीच होते.